गाडीच्या सावलीबाहेर

नियम पहिला. गाडीच्या सावलीबाहेर काहीही जाऊ द्यायचं नाही.

खुर्ची नाही, टेबल नाही, कापडी छत नाही. उभ्या गाडीत कुणी झोपलं तर कायदा काही विचारत नाही. पण एक खुर्ची बाहेर आली की गाडी नुसती उभी नसते, तिने तळ ठोकलेला असतो. तळाला दंड.

नियम दुसरा. चाकाखाली पाचर लावायची नाही, तोही तळच. जमीन उतरती असेल तर उशी दुसऱ्या टोकाला न्यायची.

नेकानेने हे नियम स्वतःच्या हाताने लिहून गाडीतल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. ती उत्तरेकडची, व्हितोरियाची, वय एकसष्ट, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गेले आठ दिवस तिची आत झोपायची सोय असलेली पांढरी गाडी आल्मेरियाच्या किनाऱ्यावरच्या या गावात, चर्चमागच्या मोकळ्या जागेत उभी होती. समोर बेकरी. बेकरीच्या वर एक खोली. त्या खोलीत तिची मुलगी गाराझी, जावई आणि दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच जन्मलेली नात. चौथ्या माणसाला तिथे पाय ठेवायलाही जागा नव्हती. म्हणून नेकाने गाडीत झोपायची, पहाटे पाचला वर जायची, बाळाला घेऊन खाली यायची आणि आठपर्यंत फेऱ्या मारायची. तेवढीच गाराझीची झोप.

गाड्यांसाठी असलेला सगळ्यात जवळचा रीतसर तळ चाळीस किलोमीटरवर होता.

आणि गुरुवारी नगरपालिकेची सभा होती. या जागेच्या तोंडाशी दोन मीटर उंचीवर आडवा लोखंडी दांडा लावायचा की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. दांडा लागला की मोटारी आत जातील, नेकानेची उंच गाडी जाणार नाही.

नियम तिसरा. आपण इथे आहोत हे कुणाला कळता कामा नये.

हा तिचा लाडका नियम. पडदे ओढलेले. दार हलकेच लावायचं. भांडी आतच, पाणी टाकीतच. घरांपुढून जाताना मान खाली.

मंगळवारी संध्याकाळी मुर्सियाचा हिनेस तसलीच गाडी घेऊन आला. आल्या आल्या त्याने छत उघडलं, दोन खुर्च्या मांडल्या, शेगडी पेटवली आणि तव्यावर सार्डिन मासे टाकले. वास थेट चर्चच्या घंटेपर्यंत.

नेकाने तरातरा गेली. "अहो, काय चाललंय हे?"

"जेवण. बसा ना, ताई."

"छत आत घ्या. खुर्च्या आत घ्या. परवा सभा आहे, तुमच्यापायी आम्हा सगळ्यांना हाकलतील!"

"मासे खाल्ले म्हणून?" हिनेस हसला. "ताई, तुम्ही पोलिसात होता का?"

"शाळेत होते. गणित शिकवायचे."

"मग बरोबर. वाटलंच मला, माझी वही तपासली जातेय."

त्याने छत तेवढं आत घेतलं. मग ताटलीत चार मासे घेऊन समोरच्या निळ्या दाराकडे गेला. तिथे ऐंशीची अंगुस्तियास रोज संध्याकाळी वेताच्या खुर्चीत वाऱ्याला बसलेली असायची, जसं सगळं गावच आपापल्या दारात बसतं. दोघं मोठमोठ्याने बोलत होती. नेकानेने पडदा सारखा केला.

बुधवारी, दिवेलागणीच्या आधी, गावचा पोलीस कासिमिरो आला. हातात कागद.

"तक्रार आहे, बाई. लेखी. उद्या सभेत वाचली जाईल, आणि मग दांडा आलाच म्हणून समजा."

"मी सांगितलं होतं त्या माणसाला!"

"कुठल्या?"

"मुर्सियावाल्या. सार्डिन!"

कासिमिरोने कागद बघितला. "नाही हो. पांढरी गाडी. पडद्यांची."

नेकानेला वाटलं, त्याला वाचता येत नसावं.

"पण मी काय केलं? एक चमचा बाहेर ठेवलेला नाही!"

"तेच लिहिलंय. आठ दिवस कुणीतरी आत लपलंय, येताजाता तोंड फिरवतं, काय बेत आहे कळत नाही." त्याने निळ्या दाराकडे मान वळवली. "तक्रार करणारी आत्या आहे माझी. तुम्हीच बोला. माझं ती ऐकत नाही."

वीस पावलांचं अंतर. नेकाने लंगडत गेली. काय म्हणायचं ते ठरत नव्हतं. शेवटी रस्त्यात भेटलं की सगळे म्हणतात तोच नमस्काराचा एक शब्द तोंडातून आला.

"बुएनास."

"आली का वाचा?" अंगुस्तियास म्हणाली. "मला वाटलं मुकी आहेस. नऊदा गेलीस माझ्या पुढ्यातून, मी मोजलंय. मेलेल्या माणसालासुद्धा आम्ही नमस्कार करतो गं."

"मला वाटलं, त्रास होऊ नये कुणाला."

"त्रास? खिडकीसमोर बंद डबा उभा, आत कोण ठाऊक नाही. झोप लागते होय? तो माशांवाला बरा. मीठ जास्त घालतो, पण नाव तरी सांगितलं त्याने."

"मी नेकाने. गाराझीची आई. बेकरीच्या वरची."

म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे पहाटे बाळाला घेऊन फिरते ती तू?"

"हो."

"टोपी घालत जा तिला. समुद्राचा वारा असतो." ती उठली, भिंतीला धरत घरात गेली आणि दुसरी वेताची खुर्ची ओढत आली. "बस."

नेकानेचा हात आपसूक मागे गेला. "खुर्ची नको. बाहेर खुर्ची मांडली की—"

"कुणाची खुर्ची आहे?"

"तुमची."

"मग? माझी खुर्ची, माझं दार. पाय लांब कर, केव्हाची लंगडतेयस."

नेकाने बसली. आठ दिवसांत पहिल्यांदा गुडघा सरळ झाला आणि तिच्या तोंडून चक्क कण्हणं निघालं.

कासिमिरो मघापासून चर्चच्या भिंतीला टेकून उभा होता. आता जवळ आला. "मग आत्या, या कागदाचं काय करू?"

"इकडे दे. मासे गुंडाळायला होईल."

"सरकारी कागद आहे."

"म्हणून काय झालं? सही माझी आहे ना?"

त्याने कागद दिला. तिने चार घड्या घालून तो एप्रनच्या खिशात ठेवला. पलीकडून हिनेस तवा उंच करून ओरडला, "ताई, आज मीठ कमी!"

नेकाने उत्तर देणार तोच एक बाई पावाची पिशवी घेऊन समोरून गेली. अंगुस्तियासने नेकानेला कोपराने डिवचलं.

"बुएनास," नेकाने म्हणाली. जरा मोठ्यानेच.