पाहुणे एकटे असतात

दार उघडलं आणि मी आधी पायाखाली बघितलं. बंगली समुद्रात खांबांवर उभी आणि खोलीच्या मधोमध जमिनीत जाड काच बसवलेली. काचेखालून पिवळे मासे निवांत चालले होते. समोरची अख्खी भिंत उघडी, पलीकडे असं निळं पाणी की त्या निळ्याला आमच्या घरी नाव नाही. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही, दंतवैद्याच्या दवाखान्यात बावीस वर्षं काउंटर सांभाळते, पण तिथे माझं तोंडच उघडेना. एवढा थाट, पाच रात्रींचा, आणि पैसे द्यायचे नव्हते. सगळं आमच्या यांच्या हॉटेलच्या पॉइंटांवर.

मग मला ती खुर्ची दिसली.

ओसरीवर समुद्राकडे तोंड करून वेताची मोठी खुर्ची ठेवली होती. एकच. शेजारी छोटं टेबल, त्यावर एक कप. न्हाणीघरात एक पंचा, दाराशी सपातांचा एक जोड, पुरुषी मापाचा. पलंग तर एवढा की चार माणसं आडवी झोपली असती, आणि त्यावर बरोब्बर मधोमध एक उशी.

"साहेबांना असंच आवडतं ना?" आम्हाला सोडायला आलेल्या मॅनेजरबाई अभिमानाने म्हणाल्या. त्यांच्या हातात एक छापील कागद होता. "आमच्या सगळ्या हॉटेलांमध्ये त्यांची एकोणीस वर्षांची नोंद आहे. काही म्हणजे काही चुकू दिलेलं नाही आम्ही."

मी कागद मागून घेतला. खोली लिफ्टपासून लांब हवी. सकाळी सहाला दोन उकडलेली अंडी. फुलं नकोत. चादर रोज बदलू नये. आणि शेवटची ओळ : पाहुणे एकटे असतात.

"मी पण आहे," मी म्हटलं.

बाईंचा चेहरा असा पडला की मलाच त्यांची दया आली. दहा मिनिटांत दुसरी खुर्ची आली, दुसरी उशी आली, सपाता आल्या, वर माफीची म्हणून फळांची परात आली. आमचे हे मात्र तोवर बॅग हातात घेऊन चोरासारखे उभे. "अगं, मी असं कधी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "त्यांनी आपलं आपणच लिहून घेतलं."

खरं आहे ते. आमचे हे वजनकाटे तपासतात. वाण्याकडचे नव्हेत, अख्खा ट्रक ज्यावर उभा राहतो ते, सिमेंटच्या कारखान्यातले, बंदरावरचे. सोमवारी पहाटे निघायचं, शुक्रवारी संध्याकाळी परतायचं. कंपनीचा करार एकाच हॉटेलवाल्यांशी, त्यामुळे गाव कुठलंही असो, रात्र त्यांच्याकडेच. त्या रात्रींचे पॉइंट, म्हणजे पुढे फुकट राहायची बक्षिसी, साठत गेले आणि यांना त्याचा पत्ताही नव्हता. गेल्या महिन्यात आमची मुलगी यांच्या संगणकावर काहीतरी शोधत होती, ती किंचाळलीच. "बाबा, तुम्ही या हॉटेलवाल्यांच्या लेखी राजे आहात!" म्हणाली. सगळ्यांत महागडं बेट तिनेच निवडलं आणि बुकिंगही तिनेच करून टाकलं. हे निवृत्त झाले की आईबाबा कशाला कुठे जातायत, म्हणून आधीच.

आता निवृत्तीचं सांगते, कारण खरी गोम तिथे होती. पुढच्या महिन्यात यांना साठ पूर्ण होणार. पण कंपनी म्हणत होती, अजून दोन वर्षं थांबा, तुमच्यासारखा माणूस नाही. उत्तर गुरुवारपर्यंत हवं होतं. यांनी ते माझ्यावर सोपवलं. "तू म्हणशील तसं." हे वाक्य दिसायला फार गरीब असतं. सगळं ओझं समोरच्याच्या डोक्यावर ठेवून ते मोकळं होतं.

आणि मला लाज वाटत होती, कारण मला 'थांबा दोन वर्षं' असंच म्हणावंसं वाटत होतं. शनिवार-रविवारचा नवरा सांभाळायला सोपा असतो. दोन दिवस चांगलंचुंगलं करून घालायचं, जिभेला लगाम घालायचा, की सोमवार उजाडतो. बाकीचे पाच दिवस घरात माझंच राज्य. दवाखान्यातून आले की रेडिओ मोठ्याने लावायचा, उभ्याउभ्याच जेवायचं, कंटाळा आला तर भांडी तशीच ठेवायची. कुणी विचारत नाही. सातही दिवस हा माणूस घरात असला तर आम्ही एकमेकांचं काय करणार, हे मला खरंच माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांत सलग पाच दिवस आम्ही एका छपराखाली राहिलोच नव्हतो. त्यामुळे ते बेट म्हणजे माझ्या मनातली परीक्षा होती. यांना तसं बोलले नव्हते.

पहिल्याच संध्याकाळी परीक्षेचा निकाल लागल्यात जमा झाला. मी ओसरीवर बसून आकाशाचे रंग बघत होते. किती रंग! आपल्यासारख्या माणसांनी एवढं एकदम बघावं की नाही असं वाटत होतं. मागे दार सरकल्याचा आवाज आला, मग कडी लागल्याचा. मला वाटलं, डास येतील म्हणून लावलं असेल. थोड्या वेळाने उठून मी दार वाजवलं.

"आत्ता काही नको," आतून यांचा आवाज. "सकाळी या."

"अहो, मी आहे!"

मग कडी निघाली. लेंगा-बनियनमध्ये हे उभे, हातात टीव्हीचा रिमोट, आणि चेहरा बघण्यासारखा. "सवय गं," एवढंच म्हणाले. मी पोट धरधरून हसले. तेही हसले. पण आत कुठेतरी चरकलंच. हा माणूस मला विसरला नव्हता, हे कळत होतं. याच्या संध्याकाळच्या वेळेत मला जागाच नव्हती, हेही कळत होतं.

माझं तरी काय वेगळं होतं म्हणा. दुसऱ्या दिवशी ती फळांची परात मी एकटीने संपवली आणि मग लक्षात आलं, यांना विचारलंसुद्धा नाही. पंखा मला हवा तसा, दिवा मला हवा तेव्हा. मंगळवारी दुपारपर्यंत मुलीचं, जावयाचं, शेजाऱ्यांचं सगळं बोलून झालं. बुधवारी दोघं दोन खुर्च्यांवर बसून पाण्याकडे बघत होतो. पाणी सुरेख होतं यात वाद नाही. पण मी मनात ठरवून टाकलं : दोन वर्षं घ्या म्हणावं. सुखाने हिंडू दे त्यांना, मीही सुखाने राहते.

गुरुवारी सकाळी आम्ही धक्क्यावर फिरायला गेलो. पाण्यावर उतरणारं छोटं विमान पाहुण्यांना न्यायला आलं होतं. एक जोडपं निघालं होतं, भलंमोठं सामान घेऊन. धक्क्यावरचा वजनवाला, चाळिशीचा, दणकट गडी, एकेक बॅग काट्यावर ठेवून आकडा पुकारत होता आणि वैमानिक तो लिहून घेत होता. आमचे हे चालता चालता थांबले.

"काय झालं?"

"एकच बॅग दोनदा ठेवली त्याने," हे हळूच म्हणाले. "मध्ये ठेवली तेव्हा अठरा, कडेला सरकली तेव्हा चौदा."

"असेल. तुम्ही सुट्टीवर आहात."

"त्या विमानात माणसं बसणार आहेत गं," म्हणाले, आणि गेले.

एकतीस वर्षांच्या संसारात मी यांना काम करताना कधी बघितलं नव्हतं. काटा तपासतात म्हणजे काय करतात, हे मी कधी विचारलंही नव्हतं. मला वाटलं, आता हे त्या गड्याला चारचौघांत खडसावणार आणि आपल्याला कानकोंडं व्हायला होणार. दवाखान्यात असले जाणकार मी रोज बघते.

हे आधी त्या वजनवाल्याजवळ गेले, वैमानिकाकडे नाही. "दादा, मीही काट्यांच्याच कामातला आहे," म्हणाले. "तुमचा काटा जरा बघू का? तुमची हरकत नसेल तर."

त्या गड्याला आजवर कुणी हरकत विचारली नसावी. "बघा की," म्हणाला.

यांनी स्वयंपाकघरातून पाण्याच्या बंद बाटल्यांचं एक खोकं मागवलं आणि तिथल्याच छोट्या काट्यावर ते आधी तोलून आणायला सांगितलं. बारा किलो आणि थोडे ग्रॅम. मग ते खोकं धक्क्यावरच्या काट्याच्या मध्ये ठेवलं, मग एकेका कोपऱ्यावर. प्रत्येक वेळी आकडा त्या गड्यालाच वाचायला सांगितला. तीन कोपरे ठीक. चौथ्यावर आठ.

"चार किलो कुठे गेले?" गडी चक्रावला.

"कुठे जात नाहीत. खाली कुणीतरी उचलून धरलंय," हे म्हणाले आणि चक्क पालथे झोपले, नव्या शर्टासकट, ओल्या फळ्यांवर. "एक ब्रश मिळेल का? कसलाही चालेल."

ब्रश आला. दोघांनी मिळून वरचा पत्रा उचलला. त्या कोपऱ्याखाली वाळू दाबून दाबून दगडासारखी झाली होती, पत्रा तिच्यावरच टेकत होता. हे ती थोडी थोडी खरवडून काढत राहिले. घाई नाही, बडबड नाही, ज्या जागी हात जायला हवा तिथेच जात होता. आमच्या घरी साधा डबा उघडायचा तर हे दोनदा विचारतात, आणि इथे यांच्या बोटांना सगळं आपोआप ठाऊक. मी धक्क्याच्या कठड्याला टेकून बघत होते आणि मला यांचा भलताच अभिमान वाटला.

पुन्हा तोललं तर सामान वैमानिकाच्या आकड्यापेक्षा एकवीस किलो जास्त निघालं. वैमानिक गंभीर झाला. एक मोठी बॅग मागे ठेवावी लागेल, म्हणाला. त्या जोडप्यातला नवरा भडकला. इतके दिवस चाललं ते आजच कसं चालत नाही, आणि हा कोण टिकोजीराव मध्ये नाक खुपसणारा! त्याने वजनवाल्याकडे बोट दाखवलं. "या माणसाला काम येत नाही म्हणून आम्ही का भोगायचं?"

"यांचं काम चोख आहे," आमचे हे म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. "समुद्रावरचा काटा आहे, वाळू जाणारच. यांनी लगेच उघडू दिला. दुसऱ्या कुणी नसता उघडू दिला. तुमची बॅग दुपारच्या फेरीला येईल, आणि तुम्ही आत्ता सुखरूप पोचाल."

मग वजनवाल्याला बाजूला घेऊन रोज सकाळी चारही कोपरे कसे बघायचे ते दाखवलं. तो गडी यांचा हात सोडेना. मॅनेजरबाई धावत आल्या, तर हे त्यांना म्हणाले, "ब्रश परत द्यायचा राहिलाय, कुणाचा होता?"

परत येताना हे शर्टावरचे डाग झटकत होते. "खराब झाला गं," म्हणाले. "तू घेतलेला."

"जाऊ दे," मी म्हटलं.

दुपारी ओसरीवर यांनी फोन काढला. "आज कळवायचंय. काय सांगू?"

कालपर्यंतचं उत्तर तयारच होतं, पण ते काही केल्या ओठांवर येईना. इतकी वर्षं दर सोमवारी मी ज्याला हात हलवून निरोप दिला, तो माणूस असा आहे, हे कारखान्यांतल्या अनोळखी लोकांना ठाऊक होतं. कुठल्या कुठल्या वजनवाल्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला, चांगलाच वाटला.

"नाही म्हणून कळवा," मी म्हटलं. "घरी या."

"नक्की? तुला त्रास होईल माझा."

"होईलच. मला वाटायचं, तुम्ही मला पुरते माहीत आहात. सकाळी कळलं, आपली अजून नीट ओळखच झालेली नाही."

यांनी तसं कळवून टाकलं. फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "मग मला एक किल्ली करून द्यावी लागेल."

"कसली?"

"घराची."

मला आधी कळेचना. मग आठवलं. सहा वर्षांपूर्वी कुलूप बदललं तेव्हा त्याच्या दोनच किल्ल्या आल्या होत्या. एक माझ्याकडे, एक मुलीकडे. दर शुक्रवारी हे बेल वाजवायचे आणि मी पदराला हात पुसत दार उघडायचे. सहा वर्षं. एकदाही यांनी किल्ली मागितली नाही, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही. यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. ब्रश मागितला होता तसंच सांगितलं, त्यामुळे मला जास्तच लागलं.

मी आत जाऊन पर्समधून माझी किल्ली काढून आणली आणि यांच्या हातात ठेवली.

"अगं, आणि तू?"

"मी बेल वाजवीन," मी म्हटलं. "लवकर उघडत जा."