चिकव्यात वाचलेला अहवाल

निवडणूक आम्ही हरलो आणि चिकव्यात कुणी कुणाशी धड बोलेना. सरोवरकाठच्या आमच्या गावात दुसऱ्या पक्षाचा माणूस शोधूनही सापडायचा नाही, आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार तर आमच्याच उत्तरेकडचा. तो हरलाच कसा, हे कुणाला समजेना. थोड्या दिवसांनी कारण सापडलं. मतं चोरली होती म्हणे.

कशी, तेही ठरलं. आमच्या गावाला रस्ता नाही, येणं-जाणं सगळं पाण्यावरून. शाळेत मोजणी झाली आणि निकालाचं सीलबंद पाकीट मोटारबोटीने जिल्ह्याच्या गावी, न्खाता बेला गेलं. वाटेत बोट एका ओसाड किनाऱ्याला लावली, आमच्या पक्षाचा प्रतिनिधी लुसुंगू याला खाली उतरवलं आणि पाकीट बदललं. हे लुसुंगू स्वतःच सांगत होता. एवढ्याशा गावात हे, तर देशभर काय केलं असेल, असं लोक म्हणत. शाळेत आकडे मोठ्याने वाचून दाखवले होते, पण तेव्हा सगळे आधीच विजयाची गाणी गात होते. ऐकलं कुणी?

अदादा, म्हणजे आमचे वडील, पक्षाचे गावातले अध्यक्ष. माझी थोरली बहीण तावोंगा झोंब्याच्या विद्यापीठात कायदा शिकवते. चर्च आणि वकील मंडळींनी मिळून या निवडणुकीची स्वतंत्र तपासणी करायला पाच तज्ज्ञांची समिती नेमली, आणि तिच्या प्रमुखपदी तावोंगाला बसवलं. अदादांनी होड्यांवरच्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, आता आपलीच पोरगी खुर्चीवर आहे. मी गावच्या शाळेत शिकवते. त्या आठवड्यात माझ्याही नमस्काराला वजन आलं होतं.

तावोंगाने समितीच्या पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं, की चिकव्यातला अध्यक्ष माझा बाप आहे, म्हणून तिथे मी एकही प्रश्न विचारणार नाही. ते काम निवृत्त न्यायाधीश चिपांडेबाईंनी घेतलं. समिती बोटीने आली, चर्चमध्ये बसली. आत मावेनात तेवढे लोक बाहेर उभे राहिले.

लुसुंगू पुढे आला. बाईंनी त्याला आधी पाणी दिलं. मग बोट कुणी थांबवायला सांगितली, असं विचारलं. त्याने पेला खाली ठेवला. तो म्हणाला,

“मीच. मला उलट्या होत होत्या.”

“आणि पाकीट?”

“माझ्या मांडीवर होतं. उलटी करतानाही सोडलं नाही.”

चर्चमध्ये गलका झाला. बाईंनी तो निवू दिला आणि मग शांतपणे विचारलं, की इतके दिवस वेगळं का सांगितलंस. लुसुंगूने अदादांकडे पाहिलं नाही. खाली बघून म्हणाला, “घरी आलो तर जो तो मलाच विचारत होता, आपण हरलो कसे? जसं काही मीच हरवलं. मग मला सांगण्यात आलं, असं बोल. बोललो तसं लोक जेवायला बोलवायला लागले.”

कुणी सांगितलं, हे त्याने त्यानंतर सांगितलं. मी तावोंगाच्या तोंडाकडे बघत होते. ती लिहीत होती, आणि लिहायची थांबली नाही.

समिती पाद्रींच्या घरी उतरली होती. संध्याकाळी तावोंगा एकटीच घरी आली. मी मक्याच्या पिठाची न्सिमा आणि उसिपाची सुकी मासळी वाढली. अदादा जेवले नाहीत.

“लिहिणार आहेस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बापाचं नाव?”

“नाव कुणाचंच येणार नाही. पद येईल.”

“गावात अध्यक्ष एकच आहे, पोरी.”

“माहीत आहे, अदादा.”

ते उठून दाराशी गेले. मग म्हणाले, “तुझ्या घरी मयत झालं, तर खड्डा खणायला इथून कुणी यायचं नाही.”

आमच्याकडे याहून वाईट बोलता येत नाही. तावोंगाने ताट धुतलं, त्यांच्यापुढे गुडघे टेकून रीतीप्रमाणे निरोप घेतला आणि गेली.

पुढचे कितीतरी आठवडे समिती देशभर फिरली. प्रत्येक केंद्रावरच्या आकड्यांच्या सगळ्या पक्षांकडच्या प्रती त्यांनी निकालाशी ताडून पाहिल्या. आकडे जुळले. मोजणी खरी होती. पण सरकारने दुष्काळातल्या मदतीचा मका प्रचाराच्या गाडीतून वाटला होता, आणि सरकारी रेडिओवर दुसऱ्या कुणाला बोलूच दिलं नव्हतं. आणि आमच्यासारख्या एकाच पक्षाच्या गावांत दुसऱ्या पक्षाच्या गाड्या नि बोटी दगड मारून परतवल्या होत्या. हे सगळं अहवालात आलं. राजधानीतून एका बड्या अधिकाऱ्याचा फोन आला, मोजणीचं पान तेवढं छापा, बाकीचं कशाला. आमच्या पक्षाच्या कचेरीतून आला, मक्याचं पान तेवढं छापा. तावोंगाने दोघांनाही एकच उत्तर दिलं, सगळं छापेन, नाहीतर राजीनामा देईन आणि तो का दिला ते छापेन.

राजधानीत अहवाल निघाला. मग तिने ठरवलं, जिथे जिथे लोकांनी जबान्या दिल्या, तिथे जाऊन त्यांच्याच भाषेत तो वाचायचा. चिकव्याला येऊ नकोस, असा निरोप अदादांनी माझ्याकडून पाठवला. मी तो जसाच्या तसा कळवला. ती म्हणाली, “वेझी, तिथल्या लोकांनी आपलं म्हणणं मला सांगितलं. मी त्याचं काय केलं, ते त्यांना कळायला नको?”

बोट लागली तेव्हा किनाऱ्यावर मी आणि लुसुंगू दोघेच होतो. लुसुंगूला आता मासेमारीला कुणी आपल्या जाळ्यावर घेत नव्हतं. तो तावोंगाची पेटी उचलायला आला होता. चर्चमध्ये मात्र लोक आले. बरेचसे तिच्याकडे पाठ करून बसले. तिने वाचायला घेतलं. मोजणीचा भाग आला तसे काहीजण उठून गेले. ती आवाज न चढवता वाचत राहिली. दगडांचा भाग आला, अध्यक्षाच्या पदाचा उल्लेख आला, तोही तिने तसाच वाचला.

मागून अदादा उभे राहिले.

“आमचं सगळं लिहिलंस. मक्याचं लिहिलंस का?”

“वाचलं मी आत्ता. तुमच्या भागाच्या आधी तेच आहे.”

“ऐकू नाही आलं. परत वाच.”

तिने ते पान परत वाचलं, सावकाश. बाहेर गेलेले काहीजण दारापर्यंत आले. अदादा उभ्यानेच ऐकत होते. मग म्हणाले, “आता आमचंही परत वाच.” आणि खाली बसले.

ती एक क्षण अडखळली. संपूर्ण दिवसात तेवढीच. मग वाचलं.

अदादांनी पुढच्या महिन्यात अध्यक्षपद सोडलं. तावोंगाशी ते अजून मोजकंच बोलतात. मका कुणी वाटायचा याचा नवा कायदा संसदेपुढे आहे. मंजूर होईल की नाही, कोण जाणे. लुसुंगू शेजारच्या गावात मासेमारीला जातो.

त्या दिवशी वाचन संपलं तेव्हा तावोंगाचा घसा पार बसला होता, आणि पुढच्या गावातले लोक वाट पाहत होते. मी शाळेतून रजा घेतली आणि तिच्याबरोबर बोटीत चढले. तिथे अहवाल मी वाचला.