टेपची काहीच चूक नव्हती

आधीच सांगते, मला राग लवकर येतो आणि आला की समोर कोण आहे ते मी बघत नाही. त्या दिवशी समोर टेप होती.

शिवणकामाचं दुकान आम्हा दोघी बहिणींचं. ताई कापते, मी शिवते. दर वर्षी दुकानाच्या वाढदिवसाला आम्ही एकमेकींसाठी कॉलरचा शर्ट शिवतो, म्हणून मी तिची मापं घेत होते. गळा गेल्या वर्षी साडेतेरा इंच, यंदा साडेचौदा! माझं डोकंच सणकलं. कापडी टेप, बारा वर्षं ओढून ओढून सैल झालेली. दिली कचऱ्याच्या डब्यात भिरकावून.

खरं तर मी चिडले होते ताईवर. सहा महिने बाई मंद झाली होती. भर उन्हाळ्यात, इस्त्रीच्या शेजारी, अंगात स्वेटर. हात गार, आवाज घोगरा, कंगवा फिरवला की केसांचा पुंजका. जेवण चिमणीएवढं आणि वजन मात्र वाढतंच आहे. गाणाऱ्या मंडळींच्या चाळीस कोटांची ऑर्डर होती, त्यातल्या सात कोटांना तिने दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मी नको नको ते बोलले. आळस चढलाय, म्हणाले. ती भांडलीसुद्धा नाही. एवढे कोट झाले की कात्री कायमची ठेवून देते, माझं वय झालं, म्हणाली. वय! अजून पन्नाशी गाठली नाही बाईने. मला तर धड सरळ रेघेत कापता येत नाही, आणि ताई नसलेल्या दुकानात मला पाऊलही टाकायचं नव्हतं. मी घाबरले होते, झालं.

तर टेप डब्यात पडली आणि ताई सावकाश म्हणाली, "अगं, ताणलेली टेप माप कमी दाखवते. जास्त नाही."

बरोबरच होतं की! खुणा लांब गेल्यावर आकडा कमीच यायचा. ड्रॉवरमधून कोरी टेप काढली, मोजलं, तर पावणेपंधरा. गळा पुढून चक्क फुगलेला होता आणि मी, मापं घेण्यात हयात घालवलेली बाई, टेपशी भांडत होते! पण ताईचं डोकं मात्र शाबूत होतं. शटर ओढलं आणि तिला तश्शीच दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाईंनी गळ्यावर बोटं ठेवून तिला पाणी गिळायला लावलं. मी एका दमात स्वेटर, केस, बाह्या सगळं सांगून टाकलं. रक्त तपासलं, आणि निघालं काय, तर थायरॉइडचं काम मंदावलेलं.

"हा आळस नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजार आहे, आणि रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो."

मला नाचावंसं वाटलं आणि रडूही आलं. तिथेच ताईची माफी मागितली. ती म्हणाली, आता तरी आवाज खाली ठेव.

गोळी सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. मग तासभर चहा नाही. ताईला चहाशिवाय तास म्हणजे शिक्षाच, म्हणून मीही थांबायचे आणि दोघी घड्याळाकडे डोळे लावून बसायचो. ताई आधीपासून घेते ती कॅल्शियमची गोळी या गोळीपासून लांब, रात्रीच्या जेवणानंतर. पंधरा दिवसांत काही फरक दिसेना तेव्हा ताई म्हणाली, सोडून देते. मी नेहमीसारखी फणकारले. वेळ लागतो असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासलं, डोस थोडा वाढवला.

आणि मग तो मंगळवार! मी दुकानात शिरले तर पंखा जोरात, स्वेटर खुंटीला, आणि टेबलावर कात्री कचाकच चाललेली. माझाच शर्ट कापत होती. मला जवळ ओढलं, गळ्याला टेप लावली.

"गळा तेवढाच आहे," म्हणाली. "जीभ तेवढी वाढली आहे."

इतक्या महिन्यांत तिने मला पहिल्यांदा चिडवलं होतं. मी हसत सुटले. हसता हसताच विचारलं, तुझी कॉलर किती ठेवू?

तिने स्वतःच्या गळ्याभोवती टेप फिरवली आणि आकडा वाचला.

"साडेचौदा, पाव इंच उतरला. आत्ता एवढीच ठेव, पुढच्या वर्षी शर्ट शिवताना परत मोजू."

पुढच्या वर्षी, म्हणाली! मी वहीत आकडा लिहिला, तोही चुकून गेल्या वर्षीच्या पानावर.