ठमाबाईच्या तोंडातला आगर

मी एक शब्द आहे. आगर. खाडीचं पाणी बांधात अडवून उन्हावर मीठ पिकवायचं, त्या जागेचं मी नाव. ‘आकर’, म्हणजे खाण, या संस्कृत शब्दापासून मी झालो म्हणतात.

माझ्यासारखे दिसणारे आणखी दोघं आहेत. एक फारसीतून हिंदीत आलेला ‘अगर’, म्हणजे ‘जर’. दुसरा मलय मुलखातला. तिकडे समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलीला ‘अगर-अगर’ म्हणतात. आमचं नातं काहीच नाही.

कोपरीची ठमाबाई नऊ वर्षांची असल्यापासून आगरात मिठाच्या पाट्या वाहायची. तळपायाच्या भेगांत मीठ शिरलं की रात्री पाय पाण्यात सोडून बसायची, आणि सकाळी पुन्हा, ‘आगरान चालली’ म्हणत निघायची. पुढे आगरं बुजवली, वर इमारती आल्या. घरात मला उच्चारणारी ती एकटीच उरली.

गेल्या चैत्रात तिला झटका आला. तोंड वाकडं झालं, सगळी भाषा गेली. मी तेवढा राहिलो, तोही अर्धामुर्धा.

इस्पितळातल्या हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरांचा हात धरून तिनं मला उच्चारलं. ते खाली वाकले.

“अगर क्या, माँजी?”

पुढचं वाक्य येईल म्हणून ते बराच वेळ थांबले. मग हळूच हात सोडवून दुसऱ्या खाटेकडे गेले.

नात कृतिका डोंबिवलीच्या औषध कारखान्यात काम करते. तपासणीसाठी जंतू वाढवायला ती काचेच्या बशांत तीच अगरची जेली ओतते. आजी आपल्या या कामाबद्दलच बोलतेय असं वाटून ती एक स्वच्छ बशी घेऊन आली. ठमाबाईनं त्या गार जेलीला बोट लावलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मुलगा नाथा पहिल्या दिवसापासून ओळखून होता.

“पप्पा, तुम्हाला कळतंय ना ती काय म्हणते ते?” कृतिकानं एकदा विचारलंच.

“मिठाचं आगर गं. तिथं जायचंय तिला.”

“मग नेऊया ना.”

“काय दाखवू तिला?”

तरी घरी सोडलं त्या दिवशी त्यानं रिक्षा आगराच्या जुन्या जागेवरून नेली. लांबच लांब सिमेंटची भिंत होती, आत टॉवर. वॉचमननं थांबू दिलं नाही.

“आये, बग. आगरान आलो,” नाथा म्हणाला.

तिनं भिंत पाहिली. मग नाथाकडे अशी पाहत राहिली, जशी परक्या माणसाकडे पाहतात. त्यानंतर तिनं मला उच्चारलं नाही. अकरा दिवसांनी गेली, मुकीच.

त्या घरात आता माझं नाव निघत नाही. नाथाला ते सोसत नाही, आणि कृतिकाच्या ओठांवर ते आलं तरी तिला बशीच दिसते. सत्कारसमारंभात मला अजून बोलावतात, ‘गुणांचं आगर’ म्हणून. टाळ्या पडतात. मी तिथं उभा असतो, पण मीठ कुठलं ते मलाच आठवेनासं झालंय. मला जपा असं तुम्हा वाचणाऱ्यांना सांगावं, तर जपण्यासारखं आता काही उरलं नाही. येतो.