वीस मिनिटं आधीची घंटा

ग्रंथपालांनी ते वाक्य चौथ्यांदा खोडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पेनचं टोक चावत बसले.

"आता काय अडलं?" बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं. "हायस्कूलचा पाऊणशे वर्षांचा इतिहास सरसर लिहिलात, आणि आता कुठे गाडं रुतलं?"

"त्या घंटेच्या दुपारपाशी."

बायको हसली. ती दुपार गावात कोणाला ठाऊक नव्हती? सगळं गाव हायस्कूलच्या घंटेवर चालायचं, आणि त्या दिवशी शाळा सुटायची घंटा वीस मिनिटं आधी वाजली. टपालाची खिडकी खाली आली, वखारीला कुलूप लागलं, न्हाव्याने तर गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर उठवलं. व्हरांड्यातल्या घड्याळाचा काटा पुढे कोणी सरकवला, ते कधीच कळलं नाही. पण आज डॉक्टर, वकील आणि नगराध्यक्ष असलेले तिघे माजी विद्यार्थी प्रत्येक मेळाव्यात छाती काढून सांगत, "तो मीच!"

"तिघांचंही लिहून टाका. भांडण नको."

"मुख्याध्यापकांच्या वहीत निराळंच आहे. 'शिपायाच्या निष्काळजीपणामुळे.' लेखी राहिलंय ते एवढंच."

"मग खोडा ते."

"खोडून काय लिहू?" ग्रंथपालांनी मान वर केली नाही. "त्या दिवशी वक्तृत्व स्पर्धा होती. पुढचा नंबर माझा होता."

बायकोच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग ती इतकी हसली, की मांडीवरची निवडलेली भाजी जमिनीवर सांडली.

"अहो, चारचौघांत पाणी मागायला लाजणारे तुम्ही!"

"तेच तर. कोणाला पटणार? आणि शिपाईमामा अजून आहेत गं. त्यांच्या माथी हे असंच छापायचं?"

पंचाहत्तरीच्या समारंभात इतिहासाचं एक प्रकरण वाचायचं ठरलं, आणि ते काम अर्थातच लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडलं. त्या दिवशी ग्रंथपाल सभागृहात शिरायचं सोडून व्हरांड्यात, त्याच घड्याळाखाली घुटमळत होते. नव्वदीला आलेले शिपाईमामा काठी टेकत जवळ आले.

"काय रे वाळवी, पाय लटपटतायत?"

पुस्तकं कुरतडणारा म्हणून वर्गाने ठेवलेलं ते नाव इतक्या वर्षांनी ऐकून ग्रंथपाल दचकले.

"मामा, त्या दिवशी..."

"तू स्टुलावर चढलास तेव्हा मी खांबाआड होतो. स्टूल डुगडुगत होतं. म्हटलं, पडलास तर धरावं."

"मग घंटा का दिलीत? केवढी बोलणी खाल्लीत!"

"बोलणी काय, रोजचीच. तुझा चेहरा मात्र खडूसारखा पांढरा पडला होता." मामांनी घंटेच्या दोरीकडे हनुवटी उडवली. "दोरी अजून तिथेच आहे. देऊ का?"

तेवढ्यात आत ग्रंथपालांचा पुकारा झाला.

माईकसमोर उभं राहिल्यावर कागदावरची अक्षरं मुंग्यांसारखी पळू लागली. पहिल्या रांगेत डॉक्टरांनी कॉलर नीट करून ठेवली होती. उघड्या दारातून व्हरांडा दिसत होता, आणि दोरीवर हात ठेवून उभे असलेले मामा. मामांनी भुवया उंचावल्या.

ग्रंथपालांनी हलकेच मान हलवली. नको. मग कागद घडी करून खिशात टाकला.

"काटा मी सरकवला होता," ते म्हणाले. "भाषणाच्या भीतीने. मामांची काही चूक नव्हती. मला वाचवायला त्यांनी बोल स्वतःवर घेतला."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, वाळवी?" आणि हशाची लाट पुढपर्यंत आली. डॉक्टरांचा हात कॉलरवरून खाली घसरला.

"मग मी काय सरकवलं होतं?" वकील नगराध्यक्षांना विचारत होते.

हशा ओसरल्यावर ग्रंथपालांनी घसा साफ केला आणि न्हाव्याच्या त्या गिऱ्हाइकापासून सुरुवात केली.

मामांनी घड्याळाकडे पाहत समारंभ संपायच्या बरोबर ठरल्या मिनिटाला घंटा दिली. कोणी उठलं नाही. थोडं थांबून त्यांनी ती पुन्हा दिली.

ग्रंथपाल अजून बोलतच होते.