भात्यावरचा थरथरता हात

मी एक जुनी पेटी आहे. शहरात मला हार्मोनियम म्हणतात. गोव्यातल्या डिचोलीच्या एका कारागिराने मला सागवानी अंग दिले, आणि गेली तीस वर्षे मी सर्वण गावच्या महिला भजनी मंडळात गाते आहे. माझ्या भात्याला आता दोन ठिगळे आहेत. मित्रांनो, वारा आत घ्यायचा नि सोडायचा, हेच माझे काम. म्हणून श्वासाचीच गोष्ट सांगते.

मला वाजवते ती गौरवी. गेल्या श्रावणात जवळच्या नार्वे गावच्या देवळात भजन रंगले असताना तिचा डावा हात माझ्या भात्यावर थरथरू लागला. तिला दरदरून घाम फुटला, बोटांना मुंग्या आल्या.

"काकी, मी मरतंय गो!"

मंडळातल्या सुमंगलाकाकी टाळ टाकून धावल्या. "पोरीक दिष्ट लागली!" म्हणत त्यांनी तिच्यावरून मीठमिरच्या ओवाळल्या आणि धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर टाकल्या. माया खरी होती हो. पण त्या धुराने बिचारीचा उरलासुरला श्वासही कोंडला.

मग तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी हृदय तपासले. म्हणाले, "काळीज ठणठणीत आहे. हा पॅनिक अटॅक. वाघ समोर नसतानाही शरीर वाघ दिसल्यासारखे घाबरते. ही लाट चढते आणि थोड्या वेळात उतरते. त्याने जीव जात नाही. पण हे नाटकही नव्हे."

तरी चार महिने गौरवीने माझी खोळ काढली नाही. लोकांसमोर पुन्हा तसेच झाले तर? दमट हवेने माझे सूर चिकटले. मला वाटले, संपले आपले गाणे.

ती मात्र दर आठवड्याला समुपदेशकांकडे जात होती. एका दुपारी तिने मला पुसले. आधी एकटीच वाजवू लागली, मग काकींसमोर, आणि माघात पुन्हा नार्व्याला आली.

दुसऱ्याच अभंगाला तो थरथरता हात मी ओळखला. ती उठून पळेल, असे वाटले. ती उठली नाही. समुपदेशकांनी शिकवल्याप्रमाणे पट्ट्यांवरून बोटे उचलून, मांडी मोडून तिने पाय जमिनीवर टेकवले आणि सावकाश, लांब श्वास सोडू लागली.

काकी कानाशी वाकल्या. "मिरच्यो हाडूं गो?"

"नाका गो काकी! तितलो ठसको पुरे जालो!"

दोघीही हसल्या. मग काकींनी टाळ संथ केला. बायकांनी पुढचे कडवे घेतलेच नाही; तेच ध्रुपद घोळवत राहिल्या. सहा वेळा, सात वेळा. कोणी मागे वळून पाहिले नाही. आठव्या वेळी गौरवीचा हात भात्यावर आला.

मित्रांनो, तुमच्या शेजारी कोणाचा श्वास असा घाबरला, तर गर्दी करू नका, हसू नका, "उगाच करतेस" असे तर म्हणूच नका. डॉक्टरांना जरूर दाखवा. आणि तोवर जवळ बसून ध्रुपद धरून ठेवा. तिची जागा तिच्यासाठी मोकळी असू द्या.