काळ्या रंगाखाली

मित्रांनो, मी एक जुनी डिझेलची नळी आहे. हसू नका. लोक गाडीची गोष्ट सांगतात, इंजिनाची सांगतात, नळीची कोण सांगणार? आता तर मी पुरती नळीही नाही. वीतभर तुकडा उरलाय, पार उत्तरेत, पिंजौरच्या एका घरात पान्यांच्या डब्यात पडून असतो.

जन्मले तेव्हा मी सरळसोट पोलादी होते. एका कारागिरानं मला सात ठिकाणी वाकवलं आणि जीपच्या पोटाखाली पत्र्याच्या चिमट्यांनी आवळून बसवलं. मागच्या टाकीतलं डिझेल पुढच्या पंपापर्यंत न्यायचं, एवढंच माझं काम. पण ते थांबलं की एवढं मोठं धूड जागेवर बसतं.

आमचा मालक चंद्रकांत. फौजेतला ड्रायव्हर, मूळचा कोरेगावकडचा. शेवटची पोस्टिंग चंडीमंदिरला होती, मग इकडंच घर बांधलं आणि ही जुनी जीप घेतली. जीव लावला बघा गाडीला. एका पावसात कौशल्या नदीला पाणी आलं, चकचकीत मोटारी काठावर अडकल्या आणि आम्ही पार. लोकांनी टायरांचं कौतुक केलं, इंजिनाचं केलं. माझं नाव कोण घेणार? मी तेव्हा गाळात बुडून डिझेल ओढत होते.

वर्षातून एकदा मात्र माझीही पाळी यायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चंद्रकांत जुनी चादर अंथरून गाडीखाली शिरायचा, फडक्यानं चिखल पुसायचा आणि सगळ्या लोखंडाला काळा रंग फासायचा. फौजेची सवय. साहेब बघायला येणार म्हटलं की सगळं चमकलं पाहिजे. सकाळी त्याची बायको मनीषा झेंडूचा हार घालून गाडीला ओवाळायची.

शेजारीण विचारायची, "भाभीजी, गाडी की भी आरती?"

"घर की ही है जी," मनीषा म्हणायची.

असे सतरा दसरे झाले. रंगावर रंग, त्यावर रंग. मी वरून काळीभोर, नव्या नवरीसारखी. पण चिमट्याखाली नदीचा गाळ अडकला होता, तिथं ओल मुरत होती आणि मी कुजत होते. सतरा वर्षांत कुणी तो चिमटा सोडवला नाही. नख लावून रंग खरवडला नाही.

चंद्रकांत काही आळशी माणूस नव्हता. रोज संध्याकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा, सकाळी काढून बघायचा. पुठ्ठा कोरडा, म्हणजे गाडी ठणठणीत. इथंच तो चुकला. पाण्याची नळी फुटली की पाणी बाहेर येतं. माझं तसं नाही. पंप मला पुढून ओढत असतो. मला भोक पडलं की डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. पुठ्ठा कोरडाच राहतो आणि इंजिन उपाशी मरतं.

सतरावा दसरा होऊन महिना झाला होता. गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करायची. "थंडीनं होतंय," म्हणून चंद्रकांतनं सोडून दिलं. मला ओरडावंसं वाटायचं. पण नळीला कुठला आवाज?

एक दिवस सकाळी सातला कोरेगावहून मनीषाच्या भावाचा फोन आला. "ताई, आई दाराकडं डोळे लावून बसलीय. तुझंच नाव घेतीय. आजच्या आज ये."

दुपारच्या पुण्याच्या विमानाचं तिकीट मिळालं. त्या दिवसाचं तेवढं एकच विमान. त्यांची मुलगी म्हणाली, "पापा, कॅब बुला लेते हैं. जीप सुबह से नखरे कर रही है."

"कॅब? सतरा वर्षांत एकदा तरी रस्त्यात बसली का ही? सांग की!"

"अहो, आज नको," मनीषा म्हणाली. "आज माझं ऐका."

"बस गं तू. तुझ्या आईपर्यंत पोचवायची जबाबदारी माझी."

ती बसली. हातात नुसती पिशवी. पंचकुला गेलं, झिरकपूरची गर्दी गेली. विमानतळाजवळची एअरोसिटी लागली आणि समोर उतरणारं विमान दिसायला लागलं. तेवढ्यात मी हवा गिळली. इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद.

चंद्रकांत उतरला, इंजिनाजवळचा छोटा हातपंप मारून डिझेलमधली हवा काढली. गाडी सुरू. दोनशे पावलं गेली आणि परत बंद. पुन्हा पंप, पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

"अहो, रिक्षा बघा ना! कुणाला तरी हात करा!"

"दोन मिनिटं गं. झालीच बघ."

त्याची दोन मिनिटं पाच वेळा झाली. शेवटी मनीषाच रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, एका टेम्पोवाल्यानं तिला घेतलं. ती पोचली तेव्हा काउंटर बंद झाला होता. काचेपलीकडं विमान उभं होतं, पण तिला कुणी सोडलं नाही.

म्हातारी त्याच संध्याकाळी गेली. मनीषा दुसऱ्या दिवसाच्या विमानानं निघाली. आईचं तोंड बघायला मिळालं नाही, सावडायला तेवढी पोचली.

मग जीप कुलवंत मिस्त्रीकडं ओढून नेली. त्यानं टॉर्च मारला. "फौजी साब, पाइप तो नई लग रही है."

"हाथ लगा के देख," चंद्रकांत म्हणाला.

कुलवंतनं चिमटा सोडवला आणि मी त्याच्या हातात दोन तुकडे होऊन आले. आत गंजाचा भुगा. इतकी वर्षं नुसत्या रंगानं मला धरून ठेवलं होतं. कुलवंतनं चंद्रकांतकडं बघितलं नाही. "हो जाता है जी," एवढंच पुटपुटला. नवी नळी घातली, प्रत्येक चिमट्याखाली रबराची पट्टी दिली आणि मला भंगारात फेकायला निघाला. चंद्रकांतनं त्याच्या हातातून हा वीतभर तुकडा काढून घेतला.

मनीषा परत आली. भांडली नाही, रडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. कुठं जायचं असलं की ती पिशवी घेते आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहते. चंद्रकांत मागून जीप घेऊन जातो, शेजारी थांबवतो, दार उघडतो. ती समोर रस्त्याकडं बघत राहते. बस येते, ती चढते. त्याला दार मिटून घ्यावं लागतं.

यंदाच्या दसऱ्याला त्यानं रंगाचा डबा उघडला नाही. एक एक चिमटा सोडवला, नव्या नळीवरून टोकापासून टोकापर्यंत अंगठा फिरवला. मग बाहेर येऊन ओवाळणीची वाट बघत बसला. घराचं दार उघडलं नाही. त्यानंच आणलेला हार तसाच बॉनेटवर सुकला.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. ज्याच्या जिवावर तुम्ही कुणाला शब्द देता, त्याला नुसतं रंगवून सजवून ठेवू नका. चिमटा सोडवा, खरवडून बघा. मला कुणी खरवडलं असतं तर मी दुखलं म्हणाले नसते हो. आता गाडी एका दमात विमानतळापर्यंत जाते. पण कोरेगावच्या त्या दाराकडं डोळे लावून बसलेलं आता कुणी नाही.